मेलेला सेल शोधताना: सांगली भागातील बॅटरी तपासणी

सांगली जिल्हा 1949 साली 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला. सांगली हे नाव त्याला 1960 मध्ये मिळाले. त्या काळात कृष्णाकाठच्या बहुतेक खेड्यांत वीज पोहोचलेली नव्हती. रेडिओ घ्यायचा तर बॅटरीवर चालणाराच घ्यावा लागे. कोरड्या बॅटरीवरच्या व्हॉल्व्हच्या सेटला दोन दाब लागत, व्हॉल्व्हच्या तारा तापवायला दीड व्होल्ट आणि प्लेटसाठी साधारण 90 व्होल्ट. 90 व्होल्टच्या संचात दीड व्होल्टचे 60 छोटे सेल एकामागे एक जोडलेले असत. त्यातला एक बसला तरी आवाज खाली येई, आणि डबा बंद असल्याने कोणता बसला ते कळत नसे.

मोटारीच्या शिसे-आम्ल बॅटरीचे तसे नव्हते. जुन्या बॅटरीचे डबे कठीण रबराचे असत आणि दोन सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या दिसत. बॅटरीवाला दोन टोकांचा काटा त्या पट्ट्यांवर दाबी. काट्यात जाड रोधपट्टी बसवलेली असल्याने क्षणभर मोठा प्रवाह वाहे आणि मेलेल्या सेलचा दाब तिथल्या तिथे कोसळे. जोडीला हायड्रोमीटर होताच. भरलेल्या सेलमधल्या आम्लाची घनता 1.26 ते 1.28 दाखवी, उतरलेल्याची 1.15च्या खाली जाई. हळद-गुळाची वाहतूक करणाऱ्या ट्रकांच्या बॅटऱ्या तपासायला एवढे पुरे होते.

अनेक मापे एकाच पेटीत आणण्याची कल्पना इंग्लंडमधली. तिथल्या टपाल खात्यातले अभियंते डोनाल्ड मॅकाडी यांना वेगवेगळी मीटरे बाळगण्याचा कंटाळा आला होता. त्यातून 1923 साली 'ॲव्होमीटर' बाजारात आले. पुढे महाराष्ट्रात मोटवाने कंपनीची मीटरे नाशिकला बनू लागली. विश्रामबागेत 1947 साली सुरू झालेल्या आणि नंतर वालचंद यांचे नाव मिळालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे सांगलीत अशा उपकरणांशी ओळख असलेली माणसे तयार होत गेली. 1963 मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले, ट्रान्झिस्टर स्वस्त होत गेला आणि रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर 'मीटर' ही नेहमीची वस्तू झाली.

मात्र मीटर जितके चांगले, तितके ते बॅटरीच्या बाबतीत फसवे. उत्तम काट्याच्या मीटरचा रोध व्होल्टमागे 20,000 ओहम असे, डिजिटल मीटरचा साधारण एक कोटी ओहम. असे मीटर सेलमधून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, म्हणून थकलेला सेलही पूर्ण दाब दाखवतो. मीटर नसताना टॉर्चचा बल्ब लावून पाहणारा गावठी कारागीर या एका बाबतीत पुढेच होता, कारण बल्ब सेलला कामाला लावतो.

पुढे प्लास्टिकच्या डब्यांनी पट्ट्या झाकल्या आणि सीलबंद बॅटऱ्यांनी हायड्रोमीटरचीही वाट बंद केली. भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले तेव्हा सीलबंद बॅटरीची तपासणी दोन टोकांपुरतीच उरली होती.

सेलगणिक तपासणी परत आली ती छंदाच्या खेळण्यांमुळे. लिथियम-आयन सेल 1991 साली सोनीने बाजारात आणला आणि पुढे विमान-ड्रोनचे छोटे संच त्याच कुळातले झाले. या संचांना जाड तारांशिवाय एक बारीक तारांची जोडणी असते, तिच्यातून प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो. तीन सेलांचा पूर्ण भरलेला संच 12.6 व्होल्ट दाखवतो, म्हणजे सेलमागे 4.2. एकूण 11.9 व्होल्ट पाहून संच थोडा उतरला आहे एवढेच वाटते. बारीक तारांवर मात्र 4.1, 4.1 आणि 3.7 निघू शकतात. मग 55 वॅटचा मोटारीचा बल्ब जाड तारांना लावायचा. साधारण साडेचार अँपिअर प्रवाह वाहताना 10 मिलिओहम अंतर्गत रोधाचा निरोगी सेल अर्ध्या दशांश व्होल्टने खाली येतो. रोध 100 मिलिओहमपर्यंत चढला असेल तर सेल जवळजवळ अर्धा व्होल्ट गमावतो. दोष कुठे आहे ते यातून ठरते.

हा रोध मीटरच्या ओहमच्या जागेवर मोजता येत नाही. मीटर अँपिअरवर ठेवून संचाला थेट जोडणे तर शॉर्ट करण्यासारखेच आहे, त्यात मीटरचा फ्यूज उडतो किंवा तारा जळतात. 3 व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेला सेल पुन्हा भरणे धोक्याचे मानतात. फुगलेला संच तर भार लावून तपासतच नाहीत, तो थेट ई-कचऱ्यात जातो.