रकाना हलला कसा

रायपुरात जमिनीचं काही काम निघालं की दोन कागदांची नावं हमखास कानावर येतात: पी-टू आणि बी-वन. दोन्ही छत्तीसगड शासनाच्या ‘भुइयां’ संकेतस्थळावर मिळतात. पी-टू म्हणजे खसरा. तो शेताच्या नंबरावरून चालतो, नंबरापुढे धारक, क्षेत्र, पीक. बी-वन चालतो खातेदारावरून, एका नावाखाली त्याच्या साऱ्या शेतांचे नंबर. आपल्या सातबारा आणि आठ-अचं नातं हेच. जमीन तीच, माणूस तोच. आधी काय वाचायचं तेवढं बदललं. संगणकवाले अशा मांडणीला ‘व्ह्यू’ म्हणतात. आज एखादं स्वयंचलित साधन ऑनलाइन तक्त्यातले रकाने क्षणात मागेपुढे करतं. त्या कामाचं कूळ मात्र फार जुनं आहे.

पेढीवरची वही घ्या. कीर्द तारखेनुसार चाले, खतावणी खात्यानुसार. नोंद एकच, बसायच्या जागा दोन. पानाला घड्या घालून सळ पाडत आणि तेच रकाने होत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. प्रत्येक बाजूचा पहिला सळ रकमेचा, पुढचे तपशिलाचे. इंग्रजी लेजरमध्ये याच्या उलट: तारीख, तपशील आणि रक्कम पार उजव्या कडेला. इथे शेटजींना आकडा आधी हवा होता, तिथे कडेने बेरीज उतरवायची होती. ज्याला जे आधी हवं, ते आधी आलं.

सरकारी दप्तरातही तसंच घडलं. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या हाती आलं. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून कारभार केला. त्यांच्या मागे सुभेदार आले. त्यांपैकी विठ्ठल दिनकरांनी जुने गढ मोडून परगणे आखले आणि परगण्यात कमाविसदार, फडनवीस, बरारपांडे नेमले. सारा गावावर बसे आणि गावचा प्रमुख गौंटिया तो भरे, त्यामुळे हिशेबाची ओळ गावाची असे. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी कर्नल अॅग्न्यूने मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूर राज्य खालसा केलं आणि १८६९ मध्ये त्यांचा अधिकारी हेविट याचा रायपूर जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल आला. हक्क आणि सारा शेतागणिक ठरवायचा, तर ओळही शेताची व्हावी लागते. खसऱ्याचं बळ त्यातच आहे.

कागदावर छापलेला रकाना मात्र हलत नसे. यंत्र आल्यावर तर तो आणखी घट्ट झाला. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलेरिथची छिद्रपत्रं वापरली गेली आणि १९२८ मध्ये आयबीएमने ऐंशी रकान्यांचं कार्ड काढलं. त्यात छिद्राची जागा हाच त्याचा अर्थ. जुन्या फोरट्रान या संगणकभाषेतही ओळीचे पहिले पाच रकाने क्रमांकाचे, सहावा आधीची ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेचा आणि मजकूर सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत. एक घर चुकलं की सगळं मुसळ केरात.

ही गाठ आयबीएममधल्याच एडगर कॉडने सोडवली. जून १९७० मधल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने सुचवलं, की वापरणाऱ्याने रकान्याचा कितवा नंबर हे लक्षात ठेवूच नये. रकान्याला नावाने हाक मारावी. पुढे एसक्यूएल भाषा आली आणि हवे ते रकाने हव्या त्या क्रमाने मागण्याची सोय झाली. तरी जुनी खोड पुरती गेली नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये रकाना दुसऱ्या रकान्याच्या मागे नेऊन बसवता येतो. पोस्टग्रेसमध्ये मूळ तक्त्यात तशी सोय नाही. तिथे नव्या क्रमाचा व्ह्यू करायचा. आणि असलेला व्ह्यू न पाडता बदलायचा, तर जुने रकाने जागच्या जागी ठेवून नवा शेवटीच जोडता येतो.

कचेऱ्यांत आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या शेअरपॉइंटच्या याद्यांत हीच गोष्ट पुढे गेली आहे. तिथे प्रत्येक व्ह्यूजवळ आपल्या रकान्यांची क्रमवार यादी असते. नवा रकाना तिच्या शेपटाला लागतो. मग कामं आपोआप करणाऱ्या पॉवर ऑटोमेटमधून शेअरपॉइंटला एक विनंती धाडायची, ‘मूव्ह व्ह्यू फील्ड टू’. सोबत रकान्याचं नाव आणि जागेचा आकडा. मोजणी शून्यापासून, म्हणजे पहिली जागा हवी तर शून्य. नोंदींना धक्का लागत नाही, बाकीचे रकाने सरकून जागा देतात. एकदा बसवलेली ही रीत मग पन्नास याद्यांवर फिरवता येते.

यात देवनागरीवाल्यांना एक ठेच हमखास लागते. विनंतीत द्यायचं ते पडद्यावरचं नाव नव्हे, आतलं. रकाना ‘खसरा’ नावाने केला, तर आत प्रत्येक अक्षराचा सात चिन्हांचा संकेत होऊ शकतो, आणि आतल्या नावाला मर्यादा बत्तीस चिन्हांची. चार-पाच अक्षरांतच नाव तुटतं. म्हणून जाणते लोक रकाना आधी रोमन अक्षरांत करतात आणि मग त्याचं नाव देवनागरीत बदलतात. दिसणारं नाव बदलतं, आतलं कायम राहतं.

अशा रीतीने रकाना हलवणं अगदीच सोपं झालं. यंत्राला मात्र एवढंच कळतं, की अमुक रकाना अमुक जागी. तो तिथे का, हे पी-टू आणि बी-वन ठरवणाऱ्यांना विचारावं लागलं होतं आणि आजही ते कोणालातरी विचारावंच लागतं: वाचणारा पीक तपासणारा पटवारी आहे, की सगळी शेतं एका नावावर शोधणारी बँक? ते ठरलं की आकडा कुणीही भरेल. ते न ठरवताच रकाने हलवले, तर नुसता गोंधळ तेवढा आपोआप होईल.