किल्ल्यापुढचे मैदान

रत्नागिरीकरांपुढे गोल्फवर बोलायला उभा राहिलो याचे आपल्याला नवल वाटले असेल. हा साहेबांचा खेळ. युनियनच्या माणसाने त्याच्या वाटेला का जावे? पण मला खेळापेक्षा त्याच्या जमिनीत रस आहे. शहरात मोकळी जागा कशी निर्माण होते, तिच्यावर कोण वावरतो आणि अखेर तिथे काय उभे राहते, हे गोल्फच्या मैदानावर फार स्वच्छ दिसते.

हिंदुस्थानातला पहिला गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ सालचा. त्यामागून १८४२ साली मुंबईचा निघाला. खेळ चाले तो किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडवर. आज ज्यांना आपण आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज म्हणतो, ती चारही त्या एका मैदानाची शकले आहेत.

हे मैदान निसर्गाने दिलेले नव्हते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी किल्ल्याभोवती खंदक खणला. तोफेच्या माऱ्यात शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तटाबाहेरची घरे पाडली, माड तोडले. १७ फेब्रुवारी १८०३ ला किल्ल्यात भयंकर आग लागली, त्यानंतर मैदान आणखी वाढवले. म्हणजे घरे आणि झाडे गेली तेव्हा गवत आले. पुढे शंभर वर्षांनी चक्र नेमके उलटे फिरले.

मधल्या काळात त्या गवतावर गुरे चरत. सरकारने चराईवर पट्टी बसवली, तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८३८ साली पदरचे पैसे घालून ठाकुरद्वारजवळ कुरण घेऊन दिले, आणि त्यावरून चर्नी रोड हे नाव पडले, असे सांगतात. त्याच मैदानात उन्हाळ्यात गोरे लोक तंबू आणि हलकी घरे उभारत आणि पावसाळा तोंडावर आला की उपटून नेत. (साहेबाचे तात्पुरते घर म्हणजे हवापालट, आपले म्हणजे अतिक्रमण. असो.)

१८४२ चा चेंडू कातड्यात पिसे कोंबून केलेला असे. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला, शतकाच्या अखेरीस रबराचा. चेंडू जसजसा लांब जाऊ लागला तसतशी जमीन जास्त लागू लागली; आणि शहर तर आत सरकत होते. स्कॉटलंडातही हेच झाले. ज्या लीथच्या माळावर १७४४ साली खेळाचे पहिले लेखी नियम झाले, तिथे गर्दी वाढली म्हणून मंडळींनी १८३६ त मसलबरा गाठले आणि १८९१ त म्यूरफील्ड. लीथचा माळ आज घरांनी वेढलेली, झाडांची सार्वजनिक बाग आहे.

मुंबईत तट पडू लागले ते सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाल्यावर, १८६२ नंतर. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा वाहत होता. १८७८ पर्यंत सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट एका रांगेत उभे राहिले. मैदानाला रस्त्यांनी चिरले, कडांना झाडे लागली. उरल्या तुकड्यांसाठी भांडणे लागली. १८८१ पासून शापुरजी सोराबजी आणि शेकडो देशी क्रिकेटपटू अर्ज करीत होते की, गोऱ्यांच्या पोलोचे घोडे आमची खेळायची जमीन उखडतात. पुढे १९३० च्या दशकात समुद्रात भर घालून ओव्हलच्या पश्चिमेला इमारती झाल्या आणि समुद्रच दूर गेला. हल्ली या दोन्ही रांगा जागतिक वारसा आहेत. २०१८ साली युनेस्कोने तसे जाहीर केले. उघड्या माळाची आठवण मात्र कोणाला नाही.

झाडांविषयी दोन शब्द. झाड लावले की चांगलेच झाले, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतले ओकमाँटचे मैदान १९०३ साली उघडेबोडके होते. विसाव्या शतकाच्या मध्याला शोभेसाठी तिथे हजारो झाडे लावली. सावलीने गवत खुरटले, खेळाची वाट अरुंद झाली. १९९० नंतर तीच झाडे तोडायला काढली, आणि सभासदांनी ओरड करू नये म्हणून प्रथम पहाटे, ते येण्याआधी. आपल्याकडचा कातळसडा आठवा. सुरुंग लावून खड्डे पाडले, कलमे लावली. १९९० नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेने तर सडेच्या सडे बागा झाले. हापूसने पैसा दिला, मी त्याला नावे ठेवत नाही. पण बागेला गडगा आला, आणि ज्याचे ढोर त्या सड्यावर चरत होते त्याची वाट बंद झाली.

आता एक अवघड गोष्ट. एस्प्लनेडचे कुंपण नसलेले मैदान तुकडे तुकडे झाले. कुंपण घातलेले १९१७ चे विलिंग्डन क्लबाचे आणि १९२७ चे चेंबूरचे गोल्फचे मैदान मात्र अजून हिरवे आहे. ज्या कुंपणाने आम्हाला बाहेर ठेवले, त्यानेच बिल्डरलाही ठेवले. हे मान्य करताना मला जड जाते, पण खरे आहे.

विलिंग्डनच्या शेजारी ताडदेव. मुंबईची पहिली कापड गिरणी तिथे १८५६ साली सुरू झाली. १९११ च्या सुमारास गिरण्यांत निम्म्याच्या आसपास माणूस आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश स्वस्त घरांना मिळायचा होता. २००१ साली नियम बदलला: आता वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. आमच्या चाळींपुढे टॉवर उभे राहिले ते याच जमिनीवर.

मोर्चा काढायचा तर आज आझाद मैदानाच्या एका राखून ठेवलेल्या भागातच बसावे लागते. पलीकडे क्रिकेटच्या खेळपट्ट्या, दक्षिणेला जिमखान्याचे कुंपण. गुरे, तंबू, गोल्फ, पोलो, सगळे ज्यावरून गेले त्या गवताचा एवढाच तुकडा आमच्या वाट्याला आहे.