कोंडुऱ्याचे स्थलांतर

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेला कोकणी माणूस शिमग्याला, गणपतीला गावी जातो. बिऱ्हाड हलवता येते, गावचे देवस्थान हलवता येत नाही. चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या 'कोंडुरा' (१९६६) या कादंबरीच्या रूपांतराकडे पाहताना आम्हांस हेच आठवते.

खानोलकर १९७६ साली निवर्तले. त्यांच्या 'चानी'वरील व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९७७ मध्ये आणि 'कोंडुरा'वरील श्याम बेनेगल यांचा चित्रपट १९७८ मध्ये आला. यांतले एकही रूपांतर लेखकाला पाहता आले नाही. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रकाठचा कोंडुरा बेनेगलांनी आंध्रात नेला. चित्रपट दोन भाषांत झाला : हिंदीत 'कोंडुरा', तेलुगूत 'अनुग्रहम'.

कादंबरीतील परशुरामतात्याला झालेला साक्षात्कार खरा की त्याच्या मनाचा खेळ, याचा निवाडा खानोलकर करीत नाहीत. श्रद्धेची भाषा शाबूत आहे, पण तिच्यामागची खात्री हरवली आहे. या कादंबरीचे आधुनिकपण आम्हांला इथे दिसते. पण कॅमेऱ्यापुढे ही संदिग्धता टिकवणे अवघड असते. जे पडद्यावर दिसले ते घडले, असे प्रेक्षक मानून चालतो.

बेनेगलांनी मग संशयाची जागाच बदलली. चित्रपटातील परशुरामाला (अनंत नाग) कोंडुरास्वामीकडून गर्भपात घडवणारी मुळी मिळते, अट ब्रह्मचर्याची. जमीनदाराच्या सुनेला, पार्वतीला (स्मिता पाटील), सासऱ्यापासून दिवस गेले आहेत अशा संशयाने तो मुळीचा वापर करतो. संशय खोटा ठरतो. देव दिसला की नाही, हा प्रश्न इथे मागे पडतो. गावाच्या श्रद्धेचा लाभ कोणाला आणि तिची किंमत कोणाच्या देहाने मोजली, हा पुढे येतो. 'अंकुर' (१९७४) आणि 'निशांत' (१९७५) या चित्रपटांत सरंजामी सत्तेची चिकित्सा करणाऱ्या दिग्दर्शकाने हा प्रश्न विचारावा, हे स्वाभाविकच होय.

म्हणून वर्गात रूपांतर शिकवताना कोणते प्रसंग गळले याची यादी करून भागणार नाही. मूळ कृतीने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न रूपांतरात कुठे गेला, हे विचारले पाहिजे. 'कोंडुरा'त तो माणसाच्या अंतर्मनातून गावाच्या व्यवस्थेत गेला. त्यात समुद्राकाठचे गूढ काहीसे ओसरले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पार्वतीवरील अन्याय पडद्यावर विसरता न येण्याजोगा झाला. गाव सोडून आलेल्यांना ही देवघेव नव्याने सांगायला नको.