मातीची चव

तुलैतुला, म्हणजे आजचे स्पेनमधले टोलेडो, 1085 साली अल्फोन्सो सहाव्याच्या ताब्यात गेले. शहर पडण्याच्या सुमारास तिथून इश्बीलियाकडे, म्हणजे सेव्हिलकडे, निघून गेलेल्यांत एक माळी होता. इब्न बस्साल त्याचे नाव. टोलेडोच्या अल-मामूनच्या बागा त्याने सांभाळल्या होत्या. हज करून आलेला, हाताला माती लागलेला हा माणूस. शेतीवर त्याने जे पुस्तक लिहिले त्यात जुन्या हकिमांचे हवाले जवळजवळ नाहीत. जे स्वतः करून पाहिले तेवढेच त्याने लिहिले. त्याने जमिनीचे दहा प्रकार पाडले आहेत: मऊ, रेताड, डोंगरी, काळी, पांढरी, पिवळी, तांबडी वगैरे. कोणती जमीन कधी नांगरावी, कोणतीला किती खत लागते, हे तो एखाद्या अनुभवी शेतकऱ्यासारखे सांगतो. हे पुस्तक 1955 साली मोरोक्कोतल्या तेतुआन इथे छापले गेले.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी त्याच इश्बीलियात इब्न अल-अव्वामने ‘किताब अल-फिलाहा’ लिहिली. त्याची पद्धत उलटी. प्रत्येक मुद्द्याला तो कुणा ना कुणाचे नाव घेतो आणि मग आपण काय पाहिले ते सांगतो. पहिला बाब जमिनीचा, दुसरा खताचा, तिसरा पाण्याचा. माती पारखण्याची एक युक्ती त्यात येते. माती खणून काढावी, गोड्या पाण्यात भिजत घालावी, पाणी निवळले की चाखून पाहावे. खारट, कडू लागले तर त्या जमिनीपासून सावध राहावे. ही युक्ती मुळात अरबांची नव्हे, ती रोमनांकडून आलेली. अरबांनी ती लपवली नाही, हवाला देऊन लिहिली. 1802 मध्ये माद्रिदला बांकेरी नावाच्या पाद्रीने अरबी मजकुरासह या ग्रंथाचा स्पॅनिश तर्जुमा छापला.

इथे आम्हाला थोडे थांबून बोलायचे आहे. आमच्या जलशांत, शाळांच्या विज्ञान-दिनालाही, एक वाक्य हमखास ऐकू येते: सगळे विज्ञान आमच्याच पूर्वजांनी आधी शोधले होते. मुले टाळ्या वाजवतात. आम्हीही तरुणपणी वाजवल्या आहेत. पण इब्न अल-अव्वामला झाडाच्या पानातले लोह ठाऊक नव्हते, ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. तो जमीन ओळखत होता. जमिनीत काय घडते ते कळायला आणखी सातशे वर्षे जावी लागली. त्याला न लागलेला शोध त्याच्या नावावर चढवला, तर त्याने खरोखर जे केले ते कुणी वाचणारच नाही.

1840 च्या दशकात फ्रान्समध्ये युसेब ग्री याने पिवळ्या पडलेल्या झाडांना लोहाचे क्षार दिले आणि पाने पुन्हा हिरवी झाली. आपल्याकडे चुनखडीच्या जमिनीत ऊस किंवा भुईमूग असाच पिवळा पडतो. शेतकरी त्याला केवडा पडला म्हणतात आणि हिराकस फवारतात. गंमत अशी की त्या जमिनीत लोह भरपूर असते. ते विरघळलेले नसते एवढेच. जमिनीचा सामू एकाने वाढला की पाण्यातले मुक्त लोह हजारपटीने घटते. भरल्या कोठारासमोर उपाशी बसावे तशी झाडाची गत.

झाडे मात्र बसून राहत नाहीत. भुईमूग, वाटाणा, टोमॅटो यांची मुळे आपल्याभोवती आम्ल सोडतात, लोहाचे रूप बदलून ते विरघळण्याजोगे करतात आणि मग आत घेतात. ते आत घेणारे प्रथिन 1996 मध्ये हाती लागले. ते फारसे चोखंदळ नाही. लोहाबरोबर जस्त, मँगनीज आणि विषारी कॅडमियमही त्याच दारातून शिरते. गवताच्या कुळातल्या पिकांची तऱ्हा निराळी. जपानच्या ताकागी यांनी 1976 मध्ये दाखवले की ओट आणि भात यांची मुळे एक द्रव्य बाहेर सोडतात. ते लोहाला धरते आणि मूळ ती जोडी जशीच्या तशी ओढून घेते. पुढे जवाच्या मुळांतून मिळालेल्या अशा द्रव्याला जवाच्या जपानी नावावरून म्युजिनिक आम्ल म्हणू लागले. जव ते सढळ हाताने सोडतो, भात फार कंजूस.

उत्तर चीनच्या चुनखडीच्या जमिनीत एकटा पेरलेला भुईमूग पिवळा पडतो, मक्याच्या शेजारी पेरला की हिरवा राहतो. मक्याने सोडलेल्या द्रव्याचा फायदा शेजाऱ्यालाही मिळतो, असे तिथल्या संशोधकांनी दाखवले. आमच्याकडे मिश्र पीक घेणाऱ्या म्हाताऱ्यांना यातला रसायनाचा भाग माहीत नव्हता. इब्न बस्सालसारखेच ते करून पाहणारे होते.

कोकणात दुखणे उलटे आहे. जांभ्याच्या तांबड्या मातीत लोहाला तोटा नाही, आणि खाचरात पाणी साचले की ते जास्तच विरघळते. तेव्हा भात आपल्या पोकळ दांड्यातून हवा खाली मुळापर्यंत नेतो आणि लोहाला तिथेच गंज चढवून बाहेर अडवतो. एकदा आम्ही वर्गातल्या मुलांना खाचरातून उपटलेली रोपे धुऊन आणायला सांगितली. मुळे धुतली तरी तांबूसच राहिली. एका मुलीने विचारले, “सर, हे चाखून पाहायचं का?”