चार बोटं ढिलं स्टिअरिंग

माझ्या एका मित्राने हौसेने जुनी जीप घेतली. सपाट फेंडरवाली, पाच-सहा मालकांच्या हातून फिरत आलेली. उंच केलेले पाटे, खाली ३१ इंची टायर. दिसायला एकदम झकास, पण स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ताच नाही. आधीच्या कुणी मेकॅनिकने बॉक्सचा स्क्रू आवळून दिला होता, त्याने सरळ रस्त्यावर जरा बरं वाटायचं. मग एकदा घाटातल्या वळणावर स्टिअरिंग जड होऊन अडकलं, परत फिरेचना, आणि समोरून एसटी. ड्रायव्हरने वेळीच ब्रेक मारला म्हणून वाचले. त्या शनिवारी आम्ही दोघं गाडीखाली शिरलो.

पण हे कोडं सोडवायला जरा मागे जावं लागतं.

जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने शंभरावर कंपन्यांना विचारलं: चारही चाकांना जोर असलेली हलकी गाडी हवी, पहिला नमुना ४९ दिवसांत. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला नमुना होलाबर्डच्या तळावर हजर झाला. (आमच्याकडे ४९ दिवसांत रिक्वायरमेंटसुद्धा फायनल होत नाहीत. असो.) पुढे निवड झाली विलीजच्या गाडीची. १९४१ पासून विलीजने आणि नंतर फोर्डनेही मिळून सहा लाखांच्या वर जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर भारतात महिंद्राने विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि सपाट फेंडरचा तो साचा इथे कित्येक दशकं टिकला.

इतक्या घाईत नवं काही शोधत बसायला वेळ कुणाला होता? बॉक्स घेतला रॉस कंपनीचा. त्यात आटे पाडल्यासारखी खाच असलेला कॅम, त्या खाचेत फिरणाऱ्या दोन खुंट्या. पुढे ड्रॉप आर्म, मग गाडीच्या लांबीने जाणारी ड्रॅग लिंक, अ‍ॅक्सलवरचा बेलक्रँक (लांबीची हालचाल आडवी करणारा), त्याला दोन टायरॉड आणि शेवटी किंगपिन. मोजा सांधे! प्रत्येकात अर्धा मिलिमीटर झीज धरली तरी बेरीज स्टिअरिंगवर चार बोटं होते.

गंमत त्या कॅममध्ये आहे. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, म्हणून खाच मधोमध मुद्दाम घट्ट ठेवलेली असते. साहजिकच तीच आधी झिजते. मग स्क्रू आवळला की मधला ढिलेपणा जातो, पण न झिजलेली टोकं जाम होतात. घाटातला प्रसंग म्हणजे हाच. चूक स्क्रूची नव्हती, सगळा दोष बॉक्सवर टाकणाऱ्याची होती.

बाकीचं काम हौशी लोकांनी केलेलं. मूळ जीपला ६.००-१६ चे अरुंद टायर होते. रुंद, जड टायर प्रत्येक खड्ड्याला त्याच जुन्या सांध्यांना हिसके देतो. पाटे उंच केले की ड्रॅग लिंक तिरकी होते आणि अ‍ॅक्सल उचलला गेला की चाकं आपोआप वळतात. हा ढिलेपणा नव्हे, पण हाताला तसंच वाटतं. पुढचे शॅकल लांब केले तर किंगपिनचा मागचा कल (मूळ ३ अंश) कमी होतो, गाडी सरळ राहायचं विसरते.

मूळ जीपच्या वारसदार एएमसीने १९७२ मध्ये बेलक्रँक काढून टाकला आणि बॉक्सही बदलून छऱ्यांवर फिरणारा घातला. म्हणजे हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही.

तपासायला दोन माणसं पुरतात. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. मित्र स्टिअरिंग इंच-इंच डावी-उजवीकडे हलवत होता आणि मी एकेका सांध्यावर हात ठेवत पुढे सरकत होतो. अगदी ब्रेकपॉइंट टाकत गेल्यासारखं. ड्रॅग लिंक हलली. बेलक्रँक मात्र पडायला आलेल्या दातासारखा आधी जागच्या जागी डुगडुगला, मगच टायरॉड ओढला गेला. सापडला चोर! जॅक लावून चाक वरून-खालून हलवलं तर डावीकडे किंगपिनचंही खट्खट्.

मग स्क्रू सैल केला आणि चाकं सरळ ठेवून परत लावला. मधे बोटभर ढिलेपणा राहिलाच, म्हणजे कॅम बदलायलाच हवा. बेलक्रँकची पिन, बेअरिंग आणि कॅमची यादी करून दिली. टायर मूळ मापाचे घाल म्हटलं, तर पठ्ठ्या दोन दिवस बोलला नाही. सामान येईपर्यंत मात्र घाट बंद, हे त्याने मान्य केलंय.