पाणी वाहते, चिखल थांबून वाहतो

भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी सांडू लागले की मुंबई-पुण्याची गर्दी लोणावळ्याला लोटते. हे धरण सहलीसाठी बांधलेले नव्हते. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, त्यासाठी ते भुशीला अडवले गेले. पाणी असे हिशेबात बसले. घाटातल्या दरडी मात्र आजही बसलेल्या नाहीत.

पाण्याचा नियम न्यूटनने १६८७ मध्येच मांडला होता: जितका जोर, तितका वेग. चिखल हा नियम पाळत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ यूजीन बिंगहॅम यांनी १९२२ च्या आपल्या पुस्तकात अशा पदार्थांचा विचार केला. ठरावीक जोरापर्यंत ते घन असतात, तो ओलांडला की वाहतात.

आपल्या घरातली मेंदीच बघा. कोन उलटा धरला तरी ती गळत नाही. दाबला की धार येते, आणि हातावर उतरताच ती पुन्हा थांबते. कोनाच्या आत सगळी मेंदी सारखी सरकत नाही. कडेचा पातळ थर घसरतो, मधला गोळा त्याच्यावर स्वार होऊन पुढे जातो. उर्दूत आपण पाण्यालाही आणि भाषेलाही ‘रवानी’ म्हणतो. इथे ती रवानी एकाच थराच्या वाट्याला येते.

वितळलेले प्लास्टिक यंत्राच्या भिंतीपाशी असेच का घसरते, याचा अभ्यास आपल्या पुण्यातच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, रघुनाथ माशेलकर आणि आशिष लेले यांनी केला. कारखान्यात हा प्रश्न मालाच्या दर्जाचा असतो. डोंगरावर तो जिवाचा होतो.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव मातीखाली गेले. सुमारे दीडशे माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर तेच ओढवले. पाऊस मुरतो, मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते. मग एक थर घसरतो आणि वरचा सगळा उतार घेऊन खाली येतो.

लोक म्हणतात, डोंगर अचानक कोसळला. मला हा शब्द पटत नाही. उतारावर नव्या भेगा पडतात, झाडे कलतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. हे दिसूनही वस्ती हलवली नाही, तर त्याला नशीब म्हणायचा हक्क आपल्याला उरत नाही.