सस्पेन्शनच्या निवडीचा अधिकार : ‘कॉइलओव्हर’च्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मोटारगाडीच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने इंजिनाच्या अंगाने झालेले आहे. अश्वशक्ती, वेग आणि इंधन या तीन शब्दांभोवती हा इतिहास फिरत राहतो. गाडीचे शरीर आणि रस्ता यांच्यामध्ये असलेली सस्पेन्शनची यंत्रणा त्या मानाने उपेक्षित राहिली. वस्तुतः गाडीत बसणाऱ्याचे सुख, वळणावरील तिचे स्थैर्य आणि ब्रेक लावल्यानंतर टायरची रस्त्यावरील पकड या तिन्ही गोष्टी याच यंत्रणेवर अवलंबून असतात.

गेल्या काही दशकांत वेगवान गाड्यांचे मालक कारखान्याने बसवलेले सस्पेन्शन काढून त्या जागी ‘कॉइलओव्हर’ बसवू लागले. शॉक ॲब्सॉर्बरभोवतीच स्प्रिंग बसवलेली असते आणि आटे पाडलेल्या कड्याच्या साहाय्याने गाडीची उंची कमी-अधिक करता येते, अशी ही जोडरचना होय. बाजारात तिचे अनेक प्रकार उपलब्ध असल्याने ‘कोणते निवडावे?’ हा प्रश्न तांत्रिक समजला जातो. परंतु त्यामागे दुसरा, अधिक मूलभूत प्रश्न आहे : सुख आणि पकड यांच्यातील तडजोड कोणी ठरवावयाची? निर्मात्याने, मालकाने की शासनाने? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक क्रमाने वेध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

स्प्रिंगकडून शॉक ॲब्सॉर्बरकडे

स्प्रिंगचे शास्त्र मोटारीपेक्षा पुष्कळ जुने आहे. ताण आणि बल यांचे समप्रमाण सांगणारा सिद्धान्त रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे गाडी-कारागीर ओबाडाया इलियट यांनी लंबगोलाकार पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले आणि घोडागाडीचा प्रवास सुसह्य झाला. पुढे मोटारगाडी आली तेव्हा तिने घोडागाडीचे पाटेच स्वीकारले.

मात्र वेग वाढताच एक उणीव उघड झाली. स्प्रिंग धक्का साठवते, नाहीसा करीत नाही. साठवलेली ऊर्जा ती परत देते आणि गाडी हेलकावत राहते. हे हेलकावे जिरवण्यासाठी फ्रान्समधील त्रुफो यांनी घर्षणावर चालणारे साधन तयार केले व अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी ते लोकप्रिय केले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टर यांचे पट्ट्याचे ‘गॅब्रिएल स्नबर’ बाजारात आले. या साधनांपैकी बरीचशी कारखान्यात न बसवता मालकांनी विकत घेऊन नंतर बसवलेली असत. गाडी घेतल्यावर तिचे सस्पेन्शन सुधारण्याची प्रथा जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

निर्मात्याचा अधिकार : मॉरिस ऑली आणि अर्ल मॅक्फर्सन

१९३० च्या दशकात हा अधिकार निर्मात्याकडे गेला. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेले इंग्रज अभियंते मॉरिस ऑली १९३० मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीत आले. १९३२ मध्ये त्यांनी एक प्रायोगिक गाडी तयार केली. तिच्यावरील वजने पुढे-मागे सरकवता येत आणि स्प्रिंगचा कडकपणाही बदलता येत असे. पुढची स्प्रिंग मागच्या स्प्रिंगपेक्षा मऊ ठेवल्यास एका खाचेवरून जाताना गाडी डुलत नाही, सपाट राहते, हा निष्कर्ष त्यातून पुढे आला. पुढच्या चाकांना एकमेकांपासून स्वतंत्र हालचाल देणारी रचना १९३४ मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांत आली. ‘सुख’ ही आतापर्यंत अनुभवाने सांगण्याची गोष्ट होती; ती आता आकड्यांत मांडता येऊ लागली.

ते आकडे येथे थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. गाडीच्या एका कोपऱ्यावर ३०० किलोग्रॅम वजन येते आणि चाकापाशी स्प्रिंगचा परिणामकारक कडकपणा २० न्यूटन प्रति मिलिमीटर आहे असे मानल्यास त्या कोपऱ्याची स्वाभाविक कंप्रता सुमारे १.३ हर्ट्‌झ येते. सामान्य प्रवासी गाडीची कंप्रता साधारणतः १ ते १.५ हर्ट्‌झच्या दरम्यान असते. कडकपणा दुप्पट, म्हणजे ४० केल्यास कंप्रता सुमारे १.८ होते. ती दुप्पट करावयाची झाल्यास कडकपणा चौपट करावा लागतो. शर्यतीच्या गाड्या २ हर्ट्‌झच्या वर जातात. पण त्यांच्यासाठी रस्ताही तसाच गुळगुळीत असतो.

दुसरे महत्त्वाचे नाव अर्ल मॅक्फर्सन यांचे. जनरल मोटर्सचा ‘शेव्हरोले कॅडेट’ हा लहान गाडीचा प्रकल्प १९४७ मध्ये रद्द झाल्यानंतर ते फोर्डमध्ये गेले. शॉक ॲब्सॉर्बर, स्प्रिंग आणि चाकाला उभा आधार देणारा दांडा यांना एकत्र आणणारी त्यांची रचना १९५० मध्ये फोर्ड कॉन्सल व झेफिर या ब्रिटिश गाड्यांत लोकांसमोर आली. कमी भाग, कमी जागा आणि कमी खर्च यांमुळे ती जगभर पसरली. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच अक्षावर आणण्याची कल्पना, म्हणजे आजच्या कॉइलओव्हरमागील कल्पना, सामान्य गाडीत रुजली ती येथेच. फरक इतकाच की तिच्यात फिरवण्यासारखे काही नव्हते. निर्मात्याने ठरवलेली उंची आणि कडकपणा हेच अंतिम होते.

शर्यतीचे मैदान : बदलण्याची मुभा

बदलण्याची गरज प्रथम शर्यतीत भासली. एका मैदानावर उपयुक्त ठरलेला कडकपणा दुसऱ्या मैदानावर निरुपयोगी ठरतो. ब्रिटनमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये आणलेल्या ‘लोटस सेव्हन’ या हलक्या गाडीत स्प्रिंग-शॉक ॲब्सॉर्बरचे जोडसंच वापरलेले होते. ही गाडी सुट्या भागांच्या स्वरूपातही विकली जाई. अशा गाडीवर ब्रिटनमधील खरेदीकर लागत नसे. ही सवलत १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला तेव्हा संपुष्टात आली. एका करसवलतीमुळे मालकाच्या हातात पाना आला आणि आपली गाडी आपण जुळवावी ही वृत्ती वाढीस लागली, असे म्हणता येईल.

याच काळात शॉक ॲब्सॉर्बरमध्येही मूलगामी बदल झाला. दुहेरी नळीच्या जुन्या रचनेत जोरदार वापरानंतर तेलात हवा मिसळून फेस होत असे आणि रोधशक्ती घटत असे. फ्रेंच संशोधक ख्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों यांनी एकाच नळीत तेल आणि दाबाखालील वायू यांना तरंगत्या दट्ट्याने वेगळे ठेवले. जर्मनीतील बिल्स्टाइन कंपनीने हे तंत्र स्वीकारले आणि १९५७ मध्ये ते मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांत आले. नळीची बाहेरची भिंत थेट वाऱ्याच्या संपर्कात असल्याने उष्णताही लवकर बाहेर पडते. आज खरेदीदारासमोर ‘एकनळी की दुनळी’ हा जो पर्याय ठेवला जातो, त्याचे मूळ येथे आहे.

मालकाचा अधिकार आणि शासनाची चौकट

मालकाच्या अधिकाराचा खरा विस्तार जपान आणि जर्मनी या दोन देशांत झाला. मात्र दोघांचे मार्ग भिन्न होते.

जपानमध्ये १९८९ पासून २००४ पर्यंत मोटार-निर्मात्यांनी आपसांतील सामंजस्याने देशांतर्गत गाड्यांची जाहीर शक्ती २८० अश्वशक्तीवर रोखून धरली होती. १९८९ ची निसान स्कायलाइन जीटी-आर ही त्या मर्यादेचे प्रसिद्ध उदाहरण होय. निर्मात्याने स्वतःला घातलेली ही मर्यादा ओलांडण्याची हौस मालकांमध्ये निर्माण झाली आणि एचकेएस (स्थापना १९७३), टाइन (स्थापना १९८५) यांसारख्या कंपन्यांना बाजारपेठ मिळाली. तेथे कॉइलओव्हरला ‘शाकोचो’, अर्थात ‘उंची जुळवणारे’, म्हणतात. नोव्हेंबर १९९५ मध्ये जपानच्या परिवहन मंत्रालयाने नियम शिथिल केले आणि स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर यांसारखे नेमून दिलेले भाग बदलताना रचनाबदलाची स्वतंत्र परवानगी घेण्याची अट काढली. तथापि, गाडीचा तळ रस्त्यापासून किमान ९ सेंटिमीटर उंच असला पाहिजे ही अट कायम राहिली आणि ठराविक मुदतीने होणाऱ्या सक्तीच्या तपासणीतून सुटका झाली नाही.

जर्मनीत १९३७ च्या वाहन-नियमावलीतून विकसित झालेल्या व्यवस्थेनुसार गाडीत धोकादायक ठरू शकणारा बदल केल्यास तिचा चालवण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो. म्हणून तेथे सस्पेन्शनचा संच विकताना त्यासोबत तपासणी-अहवाल दिला जातो. हा संच कोणत्या गाडीला, कोणत्या चाकांसह आणि किती उंचीपर्यंत चालेल, हे त्यात नमूद असते. बसवल्यानंतर अधिकृत अभियंता तपासणी करतो. कड्याचे आटे आणखी खाली जात असले तरी अहवालातील मर्यादेपलीकडे उंची कमी करता येत नाही. म्हणजे अधिकार मालकाचा, परंतु त्याची हद्द प्रयोगाने आखलेली.

निवडीचे निकष : इतिहासातून मिळणारा बोध

वरील विवेचनातून कॉइलओव्हरच्या निवडीसंबंधी काही निकष हाती लागतात.

पहिला निकष रचनेचा. मॅक्फर्सन रचनेत चाकाच्या हालचालीइतकीच हालचाल स्प्रिंगची होते. दुहेरी विशबोन रचनेत स्प्रिंग चाकाच्या ०.७ पट हलत असेल, तर चाकापाशी तिचा परिणाम ०.७ च्या वर्गाइतका, म्हणजे जवळपास निम्मा उरतो. त्यामुळे एका गाडीसाठी प्रशंसिलेला स्प्रिंगचा आकडा दुसऱ्या गाडीला तसाच लावणे चुकीचे आहे.

दुसरा निकष जोडीचा. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर तिला तितक्याच प्रमाणात आवरण्यासाठी शॉक ॲब्सॉर्बरची रोधशक्ती सुमारे १.४ पट असावी लागते. केवळ स्प्रिंग बदलून जुनाच शॉक ॲब्सॉर्बर ठेवल्यास गाडी पुन्हा घोडागाडीप्रमाणे हेलकावू लागते. स्वतंत्र स्प्रिंगपेक्षा जुळवलेला संच श्रेयस्कर का, याचे उत्तर यात आहे.

तिसरा निकष हालचालीच्या अंतराचा. गाडी जितकी खाली आणावी तितके स्प्रिंगला दबण्यासाठीचे अंतर घटते आणि खड्ड्यात चाक रबरी अडथळ्यावर आदळते. मॅक्फर्सन रचनेत फार खाली आणलेल्या गाडीची वळणावरील भूमितीही बिघडते. ज्या संचात उंचीसाठी स्प्रिंगचे कडे न हलवता नळीचा खालचा भाग आट्यांवर फिरवता येतो, त्यात हे अंतर बरेचसे टिकून राहते. दिसण्यासाठी खाली आणलेली गाडी आणि चालण्यासाठी खाली आणलेली गाडी यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

चौथा निकष उपयोगाचा. रोज कामावर जाणाऱ्या गाडीला एका कळीने रोध बदलणारा साधा संच पुरतो. दाब आणि प्रसरण यांचा रोध वेगवेगळा बदलणारे महाग संच, मोजमाप ठेवणाऱ्या चालकालाच उपयोगी पडतात. कळा अधिक असल्या म्हणजे ज्ञान अधिक होते असे नाही.

भारतीय संदर्भ

भारतात या प्रश्नाला वेगळे वळण आहे. ज्या गॅब्रिएल नावाने क्लीव्हलंडमध्ये स्नबर विकले गेले, त्याच नावाची ‘गॅब्रिएल इंडिया’ ही कंपनी १९६१ मध्ये मुंबईच्या मुलुंड भागात सुरू झाली आणि भारतीय वाहनांसाठी शॉक ॲब्सॉर्बर तयार करू लागली. १९६६ मध्ये पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही चाचणी व संशोधन संस्था स्थापन झाली. तात्पर्य, सस्पेन्शनची निर्मिती आणि वाहनांची चाचणी या दोन्हींची परंपरा महाराष्ट्राला आहे.

कायद्याचा रोख मात्र निर्मात्याच्या बाजूने राहिला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येणार नाही, असे तत्त्व तिने घालून दिले. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तत्त्वाला दुजोरा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने विनापरवानगी बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली.

या भूमिकेमागील चिंता अनाठायी म्हणता येत नाही. रस्ता सर्वांचा असतो आणि चुकीच्या सस्पेन्शनची किंमत समोरून येणारा, पायी चालणाराही मोजतो. परंतु परिणामाच्या दृष्टीने पाहता, चाचणी झालेला संच आणि गॅरेजमध्ये स्प्रिंगचे वेटोळे कापून खाली आणलेली गाडी यांत मूळ तपशिलाच्या कसोटीवर फरक उरत नाही. जर्मन व्यवस्थेत नेमका तोच फरक निर्णायक ठरतो. आजच्या घडीला कोईमतूरजवळील कारी (२००३) किंवा ग्रेटर नोएडातील बुद्ध (२०११) यांसारखी बंदिस्त शर्यतमैदाने हेच कॉइलओव्हरच्या प्रयोगाचे योग्य स्थान होय.

समारोप

सस्पेन्शनचा इतिहास हा अधिकाराच्या स्थलांतराचा इतिहास आहे. तो अधिकार आरंभी मालकाकडे होता. ऑली आणि मॅक्फर्सन यांच्या काळात तो निर्मात्याकडे गेला. शर्यतीच्या मार्गाने तो अंशतः परत आला. आणि जपान व जर्मनीत शासनाने त्याला चौकट दिली. कॉइलओव्हरवरील आटे पाडलेले कडे हे या अधिकाराचे दृश्य रूप होय. कडे फिरवणे सोपे आहे. ते कोठे थांबवावे हे कळण्यासाठी ऑलींनी सरकत्या वजनांची एक अख्खी गाडी बांधली होती. अधिकार मालकाला द्यावयाचा असेल तर मोजमापाची ही शिस्तही त्याच्यासोबत गेली पाहिजे. भारतात त्यासाठी लागणारे कारखाने आणि चाचणीच्या संस्था अस्तित्वात आहेत. त्यांना मालकाशी जोडणारी, तपासलेल्या आणि न तपासलेल्या बदलांत भेद करणारी व्यवस्था हा पुढील विचाराचा विषय आहे.